भंगारात जाण्याआधी : प्लास्टिकविषयी वाचकांचे प्रश्न

प्लास्टिक कचऱ्याबद्दल आलेल्या बहुतेक पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत आहे : आपण वेगळे काढलेले प्लास्टिक खरेच पुन्हा वापरात येते का? येते, पण ते एका जातीचे, कोरडे आणि बऱ्यापैकी स्वच्छ असेल तर. या तीनपैकी एक गोष्ट जरी चुकली तरी तोच माल कचरा डेपोवर जातो. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे अशी :

आमच्या सोसायटीत ९६ सदनिका आहेत. ओला-सुका कचरा वेगळा करतो, पण सुक्याच्या डब्यात सगळे प्लास्टिक एकत्रच असते. आणखी काही करायला हवे का? त्याने फरक पडतो का?
— सोसायटीचे सचिव, कोथरूड, पुणे

फरक पडतो, आणि तो वजनात मोजता येतो. पाण्याची एक लिटरची बाटली साधारण २० ते २५ ग्रॅमची असते, म्हणजे किलोभर माल व्हायला ४०-५० बाटल्या लागतात. दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी अडीच-तीन ग्रॅमची. तिथे एका किलोला साडेतीनशे ते चारशे पिशव्या जमवाव्या लागतात. कचरावेचक ताई हे एकेक करून निवडतात. उरलेल्या आमटीचा एक डबा त्या ढिगात उपडा झाला, तर त्याखालच्या सगळ्या पिशव्या तेलकट होतात आणि कोणी घेत नाही.

खाली पार्किंगमध्ये किंवा कचऱ्याच्या खोलीत चार मोठी पोती टांगा. पहिल्यात पाण्याच्या आणि शीतपेयांच्या पारदर्शक बाटल्या. दुसऱ्यात दुधाच्या पिशव्या आणि स्वच्छ, मऊ पन्नी, उदाहरणार्थ नव्या गाद्यांवरचे आवरण. तिसऱ्यात कडक माल : बादल्या, मग, डबे, शाम्पू-फिनेलच्या बाटल्या. (भंगाराच्या बाजारात फुगवून केलेल्या अशा दुधी रंगाच्या बाटल्या-कॅनना ‘फुगा’ म्हणतात, आणि त्याला चांगली मागणी असते.) चौथ्यात चिप्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटे. पोत्यावर नुसते शब्द लिहून भागत नाही. खरी बाटली, खरी पिशवी दोरीने बाहेर बांधून ठेवा. नवे भाडेकरू आणि घरकामाच्या मावशी ते पाहून लगेच ओळखतात.

दुधाच्या पिशवीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. कोपरा कापताना तो पूर्ण वेगळा करू नका, एका बाजूने चिकटलेला राहू द्या. सुटलेला त्रिकोणी तुकडा इतका लहान असतो की तो कोणाच्याच हाती लागत नाही, मोरीतून थेट गटारात जातो. दूध ओतल्यावर पिशवी वरून पूर्ण उघडा, भांडी विसळल्याच्या शेवटच्या पाण्यात एकदा खळखळा आणि ओट्याच्या टाइलवर चिकटवा. सकाळपर्यंत वाळून आपोआप सुटते. यासाठी नळाचे ताजे पाणी वापरू नका. प्लास्टिक वाचवताना पाणी वाया घालवण्यात अर्थ नाही.

बाटली रिकामी करून चेपा आणि झाकण परत लावा. झाकण वेगळ्या जातीचे, एचडीपीई (कडक पॉलिथिन) किंवा पीपीचे (पॉलिप्रॉपिलीन) असते, पण सुटे झाकण हरवते. बाटलीवर असले तर कारखान्यात दळल्यानंतर पाण्यावर तरंगते आणि सहज वेगळे होते. लेबल सोलत बसायची गरज नाही.

चारही पोत्यांत नको अशा वस्तू म्हणजे औषधांच्या गोळ्यांची पाकिटे (पीव्हीसी आणि ॲल्युमिनियम एकत्र चिकटवलेले), डायपर आणि सॅनिटरी पॅड. शेवटच्या दोन्ही कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने ही खूण रूढ केली आहे. निवडणाऱ्याचा उघडा हात त्यात जाऊ नये, एवढाच तिचा हेतू.

पावसाळ्यात पोती जमिनीला टेकू देऊ नका. ओला माल घेणारा पाण्याचे वजन कापतो, कधी कधी माल परतही करतो.

एक आग्रहाची सूचना. निवडलेले प्लास्टिक सोसायटीने स्वतः विकून फंडात पैसे जमा करण्याचा मोह होतो, तो टाळावा. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांसाठी काम करते आहे, आणि त्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. दारोदार जाणाऱ्या सभासदांची कमाई घरटी मिळणाऱ्या शुल्कावर आणि भंगाराच्या विक्रीवर चालते. चांगला माल तुम्ही काढून घेतलात आणि त्यांच्या वाट्याला फक्त चकचकीत पाकिटे ठेवलीत, तर ही सगळी व्यवस्था कोलमडते.

बाटलीच्या तळाला त्रिकोणात १ ते ७ आकडे असतात. मोठा आकडा म्हणजे वाईट प्लास्टिक का? १ आकड्याची बाटली पुन्हा पुन्हा भरली तर चालते का?
— विज्ञान शिक्षिका, नागपूर

आकडा जात सांगतो, दर्जा नाही. १ म्हणजे पेट (पाण्याच्या पारदर्शक बाटल्यांचे प्लास्टिक), २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई (मऊ पॉलिथिन), ५ पीपी, ६ पीएस (पॉलिस्टायरिन), आणि ७ म्हणजे ‘या सहांत न बसणारे’. सातव्यात पॉलिकार्बोनेटची भक्कम बाटली येते आणि अनेक थर चिकटवलेले पाकीटही येते, त्यामुळे त्या आकड्यावरून फारसे कळत नाही.

ही पद्धत अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ मध्ये आणली. भोवती फिरणारे बाण असल्याने ‘ही वस्तू नक्की पुनर्वापरात जाते’ असा समज जगभर पसरला. म्हणून २०१३ मध्ये तिथल्या मानकात बाण काढून साधा भरीव त्रिकोण सुचवला गेला, तरी बाणांचे साचे अजून सगळीकडे चालू आहेत. मुलांना शिकवताना हे जरूर सांगा : आपल्या गावात तो माल विकत घेणारा कोणी नसेल, तर बाण असून काही उपयोग नाही.

पेटची बाटली गार पाण्यासाठी काही दिवस वापरता येते. मात्र साधारण ७० अंशांच्या पुढे पेट मऊ पडते, म्हणून गरम पाणी, गरम काढा त्यात ओतू नका आणि उन्हात तापणाऱ्या गाडीतही ती ठेवू नका. शिवाय अरुंद तोंडामुळे आतून घासता येत नाही. रोजच्यासाठी स्टीलची बाटली बरी.

वर्गात करून दाखवण्यासारखा एक प्रयोग आहे. बाटलीचा तळ पाहा. पेटच्या बाटलीच्या तळाला मध्यभागी बारीक ठिपका असतो, कारण ती आधी नळीसारखी साच्यात ओततात आणि मग फुगवतात. पीव्हीसी आणि एचडीपीईच्या फुगवलेल्या बाटलीला तळात आडवी शिवण दिसते. पारदर्शक बाटलीला अशी शिवण असेल तर ती पीव्हीसीची असण्याची शक्यता मोठी. ती पेटच्या पोत्यात नको. का नको, ते इचलकरंजीच्या पत्राच्या उत्तरात आले आहे.

आमच्या शाळेत मुले चिप्सची पाकिटे पाण्याच्या बाटलीत दाबून भरतात आणि त्या ‘विटां’ची बाके करतात. हे पर्यावरणाला चांगले ना?
— शिक्षिका, चिपळूण

मुलांची तळमळ खरी आहे, पण पद्धत आम्हाला पटत नाही. यात पुन्हा वापरता येणारी एकमेव वस्तू म्हणजे बाटली, आणि तीच आपण कायमची निकामी करतो. पेटच्या स्वच्छ बाटलीपासून धागा होतो, कापड होते, गाद्या-उशांतला भराव होतो. पाकिटे ठासलेली बाटली कोणताही कारखाना घेत नाही. दहा-पंधरा वर्षांनी बाक मोडले की तो सगळा ऐवज कोकणातल्या एखाद्या पऱ्ह्यात जाणार.

पाकिटाची अडचण त्याच्या रचनेत आहे. बाहेर छपाईचा थर, मग चिकटद्रव्य, मग ॲल्युमिनियमचा लेप दिलेला थर, आणि आत उष्णतेने चिकटणारा थर. ॲल्युमिनियम मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) दहाव्या भागापेक्षाही कमी जाडीचे असते, तरी ते सगळ्या मालात मिसळते. काही पाकिटांत पेट आणि पॉलिथिन एकत्र असते. एक सुमारे २५० अंशांना वितळते, दुसरे ११० च्या आसपास. दोघांना एका यंत्रात घातले तर एक जळते नाहीतर दुसरे वितळत नाही.

सध्या अशा मालाचा मोठा मार्ग म्हणजे सिमेंटची भट्टी. आतला माल सुमारे १४५० अंशांना भाजतो, प्लास्टिक कोळशाच्या जागी जळते आणि राख सिमेंटच्या क्लिंकरमध्ये (दळून सिमेंट होते त्या भाजलेल्या खड्यांत) सामावते. गोव्यात साळगावच्या प्रकल्पातून असा निरुपयोगी सुका कचरा कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांकडे पाठवला जातो. हा पुनर्वापर नाही, नियंत्रित ज्वलन आहे. उघड्यावर पडण्यापेक्षा नक्कीच बरे.

शाळेने पाकिटे पोत्यात कोरडी जमवावीत आणि नगरपालिकेच्या सुक्या कचऱ्यात वेगळी द्यावीत. मुलांना मोजू द्या : एका आठवड्यात एका वर्गाची किती पाकिटे झाली, कोणत्या कंपनीची किती. कायद्याने या वेष्टनाची जबाबदारी उत्पादकावर आहे. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत थरांच्या वेष्टनाचा स्वतंत्र तिसरा गट केलेला आहे. मुलांनी ती मोजणी कंपनीला पत्राने कळवली तर बाकापेक्षा जास्त काम होईल. आणि मधल्या सुट्टीत डब्यात चिवडा असेल तर पाकीट मुळात येतच नाही.

आंघोळीच्या बंबात लाकडांबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या टाकल्या की पटकन पेट घेतात. थोड्याशा पिशव्यांनी काय होते?
— वाचक, पाटण, जि. सातारा

पटकन पेट घेतात हे खरे, कारण पॉलिथिनमध्ये किलोला दगडी कोळशाहून कितीतरी जास्त उष्णता असते. पण बंबात हवा अपुरी आणि ताप कमी. पूर्ण न जळलेली काजळी आणि विषारी वायू न्हाणीघरात आणि अंगणात राहतात. पिशव्यांत पीव्हीसीचा एखादा तुकडा असला (जुनी वायर, रेक्झिन, पाइपचा तुकडा, बॅनर), तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ होते आणि डायॉक्सिन नावाची अतिशय विषारी संयुगे तयार होतात. ते राखेत आणि काजळीत उतरतात. ती राख आपण परसातल्या आळूला आणि भांडी घासायला वापरतो. बंबाच्या तळाचा आणि धुराड्याचा पत्राही याच आम्लाने लवकर खाल्ला जातो.

पेटवायला नारळाची किशी, करवंटी, वाळलेली कणसाची बुरकुंडे वापरा. पिशव्या पोत्यात जमवून पाटणच्या बाजाराच्या दिवशी भंगारवाल्याला द्या. पैसे मिळाले नाहीत तरी द्या.

टोमॅटोला दरवर्षी मल्चिंग पेपर (माती झाकणारी प्लास्टिकची पन्नी) अंथरतो. पीक निघाल्यावर तो फाटतो, निम्मा मातीत राहतो. भंगारवाला घेत नाही. काय करावे?
— शेतकरी, नारायणगाव, ता. जुन्नर

आधी हिशेब पाहू. १.२ मीटर रुंद, ४०० मीटर लांब आणि २५ मायक्रॉनचा एक रोल म्हणजे सुमारे ११ किलो प्लास्टिक. पाच फुटांवर बेड असतील तर एकराला साधारण २६५० मीटर पेपर लागतो, म्हणजे पावणेसात रोल, ७० ते ७५ किलो. निम्मा मातीत राहिला तर दर हंगामाला एकरी ३५ किलो प्लास्टिक जमिनीत गाडले जाते. पाच वर्षांत पावणेदोनशे किलो होते. ते कुजत नाही, फक्त बारीक होत जाते. मुळांच्या आणि पाण्याच्या आड येते, आणि बांधावर उडालेले तुकडे जनावरांच्या पोटात जातात.

फाटण्याची कारणे तीन. पेपर पातळ असतो, तो उन्हाने कडक झालेला असतो, आणि आपण तो काढायला उशीर करतो. दोन पिके एकाच पेपरवर घेतली की दुसऱ्या पिकाच्या शेवटी तो हातात कागदासारखा तुटतो. एकाच पिकासाठी २५ मायक्रॉन ठीक. दोन पिके घ्यायची असतील तर ३० मायक्रॉन घ्या. एकराला १५ किलोभर प्लास्टिक जास्त लागते, पण ते अखंड निघते. आमच्या मते हा खर्च करण्याजोगा आहे.

काढण्याची रीत अशी. शेवटचा तोडा झाला की पाणी बंद करा. झाडे जमिनीलगत कापा, उपटू नका, कारण मुळांबरोबर पेपर फाटतो. झाडे बाहेर काढल्यावर ठिबकच्या नळ्या ओढून गुंडाळा. मग जमीन वाफशावर येऊ द्या. ओल्या मातीत पेपरला चिखल चिकटतो, आणि कडक वाळलेल्या मातीत कडा दबून तुटतात. वाफशात कडेची माती कुदळीने किंवा छोट्या नांगराच्या फाळाने सैल करा. दोन माणसांनी एका टोकाला पीव्हीसी पाइपवर पेपर गुंडाळत चालायचे, तिसऱ्याने मागून माती झटकायची. रोटाव्हेटर या कामाच्या आधी शेतात घालू नका. बहुतेक नुकसान तिथेच होते, कारण तो पेपराची खिचडी करतो आणि ते तुकडे पुन्हा वेचता येत नाहीत.

काढलेला पेपर कुंपणावर चार-पाच दिवस टांगा, एकदा उलटा करा, काठीने झोडा. न झटकलेल्या पेपरावर माती आणि ओल मिळून प्लास्टिकइतके किंवा त्याहून जास्त वजन असते. भंगारवाला नको म्हणतो ते यामुळेच. माती यंत्राची पाती झिजवते आणि धुवायला पाणी फार लागते.

सत्तर किलोसाठी टेम्पो कोणी पाठवणार नाही. दहा-बारा शेतकऱ्यांनी किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने एका शेडमध्ये माल जमवला, तर खरेदीदार गावात येतो. चंदेरी-काळा पेपर एलएलडीपीईचा (एलडीपीईच्याच कुळातल्या पॉलिथिनचा) असतो, त्याचा दाणा (वितळवून केलेला, नव्या वस्तूंसाठीचा कच्चा माल) काळाच होतो आणि त्यातून काळे पाइप, जाड काळी पन्नी अशा वस्तू होतात. ठिबकच्या जुन्या नळ्या त्यात मिसळू नका. त्यांना वेगळा आणि चांगला ग्राहक असतो.

तालुक्याच्या एमआयडीसीत प्लास्टिक दळून दाणा करण्याचे छोटे युनिट टाकायचे आहे. पेट बाटल्यांपासून सुरुवात करावी का? कुठे चुका होतात?
— तरुण उद्योजक, इचलकरंजी

पेटपासून नको. बाटल्या सगळीकडे दिसतात म्हणून हा धंदा सोपा वाटतो, पण पेट फार नाजूक आहे. वितळवण्याआधी ते १६० ते १७० अंशांवर चार ते सहा तास सुकवावे लागते आणि ओलावा दहा लाखांत ५० भागांच्या खाली आणावा लागतो. ओलावा राहिला तर वितळताना पाणी त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडते आणि माल ठिसूळ होतो. लेबलाचा गोंद काढायला कॉस्टिक सोड्याचे ८०-९० अंशांचे गरम पाणी लागते. आणि पीव्हीसीच्या काही तुकड्यांनी अख्खी बॅच जाते : पेट वितळते त्या तापमानाला पीव्हीसी कधीच जळलेले असते, त्याचे आम्ल पेटलाही खाते आणि माल तपकिरी होऊन काळे ठिपके पडतात. पेटमध्ये यायचेच असेल तर बाटल्या निवडून, गठ्ठे बांधून मोठ्या कारखान्याला विकण्यापासून सुरुवात करा.

तुमच्यासाठी कडक माल बरा : पीपी आणि एचडीपीई. बादल्या, क्रेट, कॅन, झाकणे, मोडक्या खुर्च्या. टप्पे असे.

पहिली निवड हाताने. बादलीच्या तारेच्या कड्या, स्क्रू, रबर काढा. ग्राइंडरच्या तोंडाशी चुंबक हवाच. एक खिळा पात्यांचा पूर्ण संच खराब करतो. ग्राइंडरखाली १० ते १२ मिलिमीटर भोकांची जाळी ठेवा. पाती बोथट झाली की तुकड्यांऐवजी भुगा पडू लागतो आणि माल गरम होतो. भुगा धुताना वाहून जातो, म्हणजे तुमचा पैसा गटारात आणि प्लास्टिकचे कण ओढ्यात.

मग पाण्याची टाकी. पीपीची घनता सुमारे ०.९०, एचडीपीईची ०.९५, दोन्ही तरंगतात. पीएस १.०५, पेट १.३८ आणि पीव्हीसी साधारण १.४, ही तिन्ही बुडतात. प्रयोग करताना पाण्यात दोन थेंब साबण घाला, नाहीतर बारीक तुकडे पृष्ठताणामुळे खोटे तरंगतात. आणखी एक फसगत : खुर्च्यांच्या पीपीत खडूची पूड बरीच मिसळलेली असेल तर तो पीपी असूनही बुडतो. म्हणून खुर्च्यांची बॅच नेहमी वेगळी चालवा.

पीव्हीसीची शंका असेल तर तांब्याच्या तारेची चाचणी करा. तार ज्योतीत लाल करा, तुकड्याला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. नखाएवढा तुकडा, उघड्या हवेत, वाऱ्याकडे पाठ करून.

पीपी आणि एचडीपीई दोन्ही तरंगतात, त्यामुळे टाकी त्यांना वेगळे करत नाही, आणि नव्या युनिटची सगळ्यात मोठी चूक इथे होते. दोन्ही एकमेकांत विरघळत नाहीत. मिश्र दाण्याची बादली दिसायला चांगली होते, पण वाकवल्यावर पापुद्रे सुटतात आणि पहिल्या थंडीत तडकते. फरक निवडतानाच करावा लागतो. एचडीपीईवर नखाने मेणासारखा ओरखडा उठतो, पीपीवर सहसा उठत नाही. उघडमीट करणारे, न तुटणाऱ्या पातळ बिजागरीचे झाकण बहुधा पीपीचे असते. फुगवलेला दुधी कॅन बहुधा एचडीपीई. शंका असलेला माल तिसऱ्या ढिगात टाका, ‘चालून जाईल’ म्हणू नका. निवड करणाऱ्या बाईंना अनुभवाप्रमाणे चांगला रोज द्या. युनिटचा नफा त्यांच्या बोटांत आहे.

धुलाईनंतर फिरत्या ड्रममध्ये निथळून माल वाळवा. ओला माल दाणा यंत्रात गेला तर बाहेर येणाऱ्या दोऱ्यांत बुडबुडे दिसतात आणि दाणा पोकळ होतो. एचडीपीईला साधारण १८० ते २२० अंश, पीपीला २०० ते २३० पुरतात. दोरे पिवळट पडले किंवा जळका वास आला तर तापमान जास्त आहे. तोंडाशी बारीक जाळ्या असतात, त्यांत माती आणि न वितळलेले कण अडकतात. दाब वाढू लागला की जाळी बदला, कारण दाब चढू दिला तर जाळी फाटून सगळा कचरा दाण्यात येतो.

यंत्राची ऑर्डर देण्याआधी एक गोष्ट करा. बाजारातून खरेदी करता तसा ५० किलो माल घ्या, दुसऱ्याच्या युनिटवर भाड्याने पूर्ण प्रक्रिया करून घ्या, आणि प्रत्येक टप्प्यानंतर वजन लिहा. माती, पाणी, धातू, न विकणारा माल आणि भुगा वजा जाता जे उरते, त्यावरच हिशेब मांडा. यंत्र विकणारे सांगतात तो उतारा स्वच्छ मालाचा असतो.

परवानग्या : महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे उभारणीचे आणि नंतर चालवण्याचे संमतिपत्र, आणि केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर प्रक्रियादार म्हणून नोंदणी. ही नोंदणी नसेल तर कंपन्या तुमच्याकडून उत्पादकाच्या जबाबदारीची प्रमाणपत्रे (तेवढे प्लास्टिक पुन्हा वापरात आणल्याचा पुरावा) घेऊ शकत नाहीत, आणि तो उत्पन्नाचा भाग हातचा जातो. धुलाईचे पाणी गाळून पुन्हा फिरवा. गाळणीशिवाय सोडलेल्या पाण्यातून बारीक कण पंचगंगेत जाणार असतील, तर या धंद्याला पर्यावरणाचे नाव देऊ नये.

भाजीवाला ‘कंपोस्टेबल’ लिहिलेली पिशवी देतो. ती गॅलरीतल्या खताच्या डब्यात टाकू का?
— वाचक, ठाणे

नको. या पिशव्यांची भारतीय मानकानुसार (आयएस/आयएसओ १७०८८) चाचणी मोठ्या खत प्रकल्पासारख्या स्थितीत, सुमारे ५८ अंशांना होते. गॅलरीतल्या डब्यात तेवढी उष्णता टिकत नाही, पिशवी महिनोन्‌महिने तशीच राहते. तिच्यावर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक आहे का ते पाहा. नसेल तर ती साधी पातळ पिशवी समजा, आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ साध्या पिशव्यांना परवानगी नाही. खरी कंपोस्टेबल पिशवी दुधाच्या पिशव्यांच्या पोत्यातही टाकू नका, ती तो माल बिघडवते. महापालिकेच्या ओल्या कचऱ्यात द्या. कापडी पिशवीने या सगळ्यातून सुटका होते, हे ठाणेकरांना सांगायला नकोच.

इथे काळ्या रंगाचे जेवणाचे ट्रे पुनर्वापरात घेत नाहीत, तशाच पांढऱ्या ट्रेना हरकत नसते. रंगाने काय फरक पडतो?
— वाचक, लेस्टर, इंग्लंड

तुमच्याकडे निवड यंत्राने होते. पट्ट्यावरून जाणाऱ्या वस्तूवर अवरक्त प्रकाश पडतो आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून यंत्र जात ओळखते. काळ्या रंगातली काजळी तो प्रकाश शोषून घेते, म्हणून यंत्राला ट्रे दिसतच नाही. आपल्याकडे हाताने निवडताना ही अडचण येत नाही, मात्र काळ्याचा दाणा काळाच होतो म्हणून भाव कमी मिळतो.

गावातले प्लास्टिक डांबरी रस्त्यात वापरावे असा ठराव करायचा आहे. एका किलोमीटरला किती लागते आणि कोणते चालते?
— ग्रामपंचायत सदस्य, औसा, जि. लातूर

मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्रा. आर. वासुदेवन यांनी ही पद्धत विकसित केली, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१३ मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यानुसार डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के प्लास्टिक घालता येते. पावणेचार मीटर रुंदीच्या रस्त्यावर २५ मिलिमीटरचा थर धरला तर किलोमीटरला २१५ टनांच्या आसपास मिश्रण, त्यात पाच टक्क्यांच्या हिशेबाने पावणेअकरा टन डांबर, आणि त्याच्या ८ टक्के म्हणजे साडेआठशे किलोच्या जवळपास प्लास्टिक. दुधाच्या पिशवीच्या वजनाने मोजले तर तीन लाख पिशव्या. एका गावाला हे वर्षभरात जमणे अवघड आहे, ठराव तालुका पातळीवर करा.

प्लास्टिक दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे करून आधी तापलेल्या खडीवर टाकतात. खडी १६५ अंशांच्या आसपास असली की त्याचा पातळ लेप बसतो, आणि मग डांबर घालतात. खडी १८० च्या पुढे गेली तर प्लास्टिकचा धूर निघू लागतो, म्हणून ठेकेदाराकडे तापमापक हवाच. पीव्हीसी अजिबात चालत नाही. बॅनर, पाइप, रेक्झिन वेगळे काढा. ओले आणि मातकट तुकडेही नकोत, लेप धरत नाही आणि खडी उघडी पडते.

यात चांगल्या दुधाच्या पिशव्या किंवा बाटल्या घालू नयेत, त्यांना दाण्याचा ग्राहक आहे. रस्त्यात द्या ते पातळ, छापील, कोणी न घेणारे. स्वच्छ भारत अभियानाच्या (ग्रामीण) दुसऱ्या टप्प्यात तालुक्यामागे प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्रासाठी १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे. तुकडे करण्याचे यंत्र, धूळ झटकण्याचे यंत्र आणि गठ्ठे बांधण्याचा प्रेस तिथे बसतो. तुमच्या पंचायत समितीने ते केंद्र सुरू केले आहे का ते आधी विचारा. सुरू असेल तर ग्रामपंचायतीकडे फक्त वाळवलेला माल ठेवायला एक शेड आणि तो केंद्रापर्यंत न्यायला महिन्यातून एकदा ट्रॅक्टर लागेल.